प्रकाशक पैसे मागत असेल तर पुस्तक स्वतःच काढावं का?

तुमचा कथासंग्रह तयार आहे, प्रकाशक म्हणतो खर्च तुम्ही करा आणि तीनशे प्रतीही तुम्हीच उचला. मग स्वतःच का काढू नये, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. माझं मत विचाराल तर जरूर काढा. फक्त छपाईला देण्याआधी वाचक कुठे बसलाय ते शोधा.

मी धुळे जिल्ह्यातल्या पांझरा नदीवरच्या फड पद्धतीवर, म्हणजे गावानं मिळून चालवायच्या जुन्या सिंचन व्यवस्थेवर, पुस्तक काढलं. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाचं पाणी फडांना, म्हणजे शेतांच्या मोठ्या गटांना, आणि कोणत्या फडात यंदा काय पेरायचं ते गावानं मिळून ठरवायचं. ती व्यवस्था चालवणारे पाटकरी, हवालदार, जागल्या आता फार थकलेत. त्यांच्या तोंडची माहिती त्यांच्याबरोबर जाऊ नये, एवढ्यासाठी लिहिलं. प्रकाशकाचं म्हणणं पडलं, विषय चालणार नाही. त्यांच्या दुकानात तो चालला नसताही. पण साक्री तालुक्यात, आणि मोसम-आरम नद्यांच्या काठी नाशिककडच्या बागलाणात, ज्यांच्या आजोबांनी पाटावर राखण केली अशी घरं आहेत. माझा वाचक तिथे होता आणि त्याच्यापर्यंत मी स्वतः जाऊ शकत होतो. शेतकरी मेळावे, गावच्या जत्रा, नातेवाइकांचे व्हॉट्सॲप गट, इथेच बहुतेक प्रती गेल्या.

दुकानांतून विकायचं तर वितरक छापील किमतीच्या चाळीस-पन्नास टक्के सवलत मागतात आणि पैसे सावकाश येतात. किंमत ठरवताना हे धरूनच ठरवा. टपालाने पाठवणं मात्र अजून परवडतं. पुस्तकं स्वस्तात पाठवायची टपाल खात्याची सेवा, रजिस्टर्ड बुक पोस्ट, डिसेंबर 2024 मध्ये बंद झाली तेव्हा आम्ही छोटे लोक हवालदिल झालो होतो, पण मे 2025 पासून ‘ज्ञान पोस्ट’ आलं. तीनशे ग्रॅमपर्यंत 20 रुपयांपासून दर आहे. दोनशे पानांचं डेमी आकाराचं पुस्तक साध्या कागदावर छापलं तर पाकिटासह त्यात बसतं.

पानांचंही गणित असतं. छपाईत पानं गटानं छापली जातात, त्या गटाला फॉर्म म्हणतात; फॉर्म सोळा पानांचा, म्हणून 192 किंवा 208 पानं करा. 195 झाली तर उरलेल्या कोऱ्या पानांचे पैसे तुम्हीच भरता. पहिल्या शंभर-दोनशे प्रती डिजिटल छपाईवर काढा. मोठ्या संख्येसाठीच्या ऑफसेट छपाईत प्रती वाढल्या की दर उतरतो, पण घरात गठ्ठे साचले तर तो स्वस्तपणा कुणाच्या कामाचा? अक्षरजुळणी युनिकोडमध्येच करून घ्या आणि मूळ फाइल ताब्यात घ्या. जुन्या फॉन्टमधला मजकूर नंतर ई-बुकसाठी बदलताना रफार आणि जोडाक्षरं फुटतात, मग सगळं पुस्तक पुन्हा तपासावं लागतं. मुद्रितशोधनाला बाहेरचा माणूस नेमा, त्याला पैसे द्या. इथे काटकसर करू नका, वाचकाला पहिल्याच पानावर चूक दिसली की तो पुढचंही संशयाने वाचतो.

आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकासाठी, कुणी पैसे मागितले तर देऊ नका. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी तो विनामूल्य देते आणि लेखकाला स्वतःच्या नावाने अर्ज करता येतो. पैसे घेऊन पुस्तक काढून देणाऱ्या पॅकेजवाल्यांनी तो काढला तर प्रकाशक म्हणून त्यांचं नाव लागतं. तुम्ही प्रकाशक झालात की 1954 च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना प्रत पाठवणंही तुमच्याकडे येतं, तेही प्रकाशनापासून तीस दिवसांत.

कथांचं मात्र माझ्या विषयासारखं नाही, त्यांचा वाचक एका तालुक्यात सापडत नाही. म्हणून संग्रहाआधी दोन-चार कथा दिवाळी अंकांत येऊ द्या. नाव ओळखीचं झालेला वाचक पुस्तक मागवतो, अनोळखी नावाला तो आधी चाळून बघायला मागतो आणि ती सोय तुमच्याकडे नसते. हे पहिलंच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेची चौकशी मात्र आधी करा.

आणि तरीही त्या प्रकाशकाकडेच जाणार असाल तर हक्क किती वर्षांसाठी देताय ते करारात लिहून घ्या. मुदत लिहिली नसेल तर 1957 चा कॉपीराइट कायदा ती पाच वर्षं धरतो. ई-बुक आणि अनुवादाचे हक्क स्वतःकडे ठेवा, ते देण्याचं काहीच कारण नाही.