जुन्या विज्ञान कादंबरीची नवी आवृत्ती काढताना चार शब्द बदलले, तर बिघडते काय?

आपण विचारले आहे की, जुन्या विज्ञान कादंबऱ्यांचे पुनर्मुद्रण करताना प्रकाशकाने आजच्या वाचकाला खटकतील असे काही शब्द काढून टाकले, तर त्यात अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न कुठे येतो. कथानक तर तेच राहते. माझ्या मते प्रश्न नक्कीच येतो. लेखकाला न विचारता आणि वाचकाला न सांगता केलेला बदल एका शब्दाचा असला, तरी तो लेखकाच्या अधिकारावर घाला आहे, आणि असा बदल बहुधा पुनर्मुद्रणाच्या वाटेनेच आत शिरतो. नव्या पुस्तकाकडे समीक्षकांचे आणि खुद्द लेखकाचे लक्ष असते. आठव्या-दहाव्या आवृत्तीतला मजकूर पहिल्या आवृत्तीशी ताडून कोणी पाहत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण रे ब्रॅडबरी यांच्या 'फॅरनहाइट ४५१' या कादंबरीचे आहे. पुस्तके बाळगणे हाच गुन्हा ठरलेल्या समाजात अग्निशामक दलाचे जवान घरोघर जाऊन पुस्तके जाळतात, अशी कल्पना असलेली ही कादंबरी अमेरिकेत बॅलंटाइन प्रकाशनाने १९५३ मध्ये काढली. १९६७ मध्ये त्याच प्रकाशनाने शाळांसाठी तिची वेगळी आवृत्ती तयार केली आणि तीत सुमारे ७५ ठिकाणी मजकूर बदलला. 'हेल', 'डॅम' यांसारखे शब्द आणि गर्भपाताचा उल्लेख गाळला गेला. एका प्रसंगात दारू प्यायलेला माणूस होता, तो आजारी माणूस झाला. बेंबीतला मळ काढण्याचा उल्लेख होता, तिथे कान साफ करणे आले. हे बदल केल्याची नोंद पुस्तकात कुठेही नव्हती. सुरुवातीला मूळ आणि शालेय अशा दोन्ही आवृत्त्या बाजारात होत्या, पण १९७३ पासून केवळ काटछाट केलेली आवृत्तीच विकली जाऊ लागली, आणि पुढची सहा वर्षे ज्यांनी ही कादंबरी नवी विकत घेतली त्यांना तेच मूळ पुस्तक वाटले. विद्यार्थ्यांची पत्रे आली तेव्हा कुठे लेखकाला हे समजले. १९७९ मध्ये ब्रॅडबरी यांनी मूळ मजकूर पुन्हा छापण्याचा आग्रह धरला, त्यानुसार १९८० मध्ये संपूर्ण कादंबरी पुन्हा उपलब्ध झाली आणि तिला त्यांनी या प्रकाराविषयी एक संतप्त उपसंहार जोडला. पुस्तक जाळण्याचे एकाहून अधिक मार्ग असतात, हा त्यातला त्यांचा मुद्दा.

यात कोणत्याही सरकारचा हात नव्हता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बंदीचा हुकूम नव्हता, खटला नव्हता. शाळांमध्ये पुस्तक बिनतक्रार खपावे एवढाच हेतू असणार, आणि काम करणारा संपादकही बहुधा सज्जनच असणार. गंमत म्हणून नव्हे, तर अत्यंत गांभीर्याने सांगतो की, या कादंबरीत नेमके हेच लिहिलेले आहे. त्यातला अग्निशामक दलाचा प्रमुख कॅप्टन बीटी आपल्या हाताखालच्या जवानाला, म्हणजे नायकाला, पुस्तके कशी संपली याचा इतिहास ऐकवतो. आधी अभिजात ग्रंथांचे पंधरा मिनिटांचे रेडिओ कार्यक्रम झाले, मग दोन मिनिटांत वाचून होणारे सारांश, मग शब्दकोशातल्या दहा-बारा ओळी. प्रत्येक गटाला न दुखावणारे लेखन करता करता लेखनातला जीवच गेला. सरकारी हुकूम नंतर आला, सुरुवात त्याने झाली नाही, असे बीटी बजावून सांगतो. एवढे होऊनही १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका शाळेने याच कादंबरीच्या प्रतींतले 'आक्षेपार्ह' शब्द काळ्या शाईने खोडून त्या मुलांच्या हातात दिल्या. पालकांनी तक्रार केली आणि वृत्तपत्रांत बातमी आली, तेव्हा तो प्रकार थांबला.

सोव्हिएत रशियात काम वेगळ्या पद्धतीने चालत असे, तरी काटछाटीचे तर्कशास्त्र मात्र चकित करण्याइतके सारखे होते. अर्कादी आणि बोरिस स्ट्रुगात्स्की या बंधूंची 'रोडसाइड पिकनिक' ही कादंबरी १९७२ मध्ये 'अव्रोरा' मासिकात क्रमशः प्रसिद्ध झाली, परंतु पुस्तकरूपात यायला तिला १९८० साल उजाडले, आणि आली तीही छिन्नविच्छिन्न होऊन. बोरिस स्ट्रुगात्स्की यांनी पुढे लिहून ठेवले आहे की, प्रकाशनसंस्थेने त्यांच्यापुढे आक्षेपांच्या याद्या ठेवल्या होत्या : पात्रांचे अनैतिक वर्तन, शारीरिक हिंसा, आणि असभ्य व बाजारू शब्द. राजकीय विचारांपेक्षा भाषेवरच हल्ला अधिक होता. आता या कादंबरीचा नायक कोण आहे ते पाहा. परग्रहवासी येऊन गेल्यानंतर मागे उरलेल्या प्राणघातक प्रदेशात रात्री चोरून शिरणारा आणि तिथल्या वस्तू विकून पोट भरणारा रेड्रिक शुहार्ट हा दारू पिणारा, शिव्या देणारा, तुरुंगात जाऊन आलेला माणूस आहे. त्याच्या तोंडची भाषा धुऊन-पुसून स्वच्छ केली, तर उरतो तो कोणी सभ्य गृहस्थ, ज्याला त्या प्रदेशात जाण्याचे कारणच नाही. विज्ञानकथेतला प्रदेश, यंत्रे, जीव सगळे कल्पित असते. वाचकाचा विश्वास बसतो तो माणसांच्या खरेपणामुळे, आणि तो खरेपणा त्यांच्या बोलण्यातून येतो. म्हणूनच 'कथानक तर तेच राहते' हे आपले म्हणणे मला मान्य करता येत नाही. संपादकांचे हात न लागलेल्या मजकुरावरून केलेला नवा इंग्रजी अनुवाद २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. तोच वाचावा.

आपल्या देशाशी थेट संबंध असलेले एक उदाहरण फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न यांचे आहे. 'मिस्टीरियस आयलंड' या कादंबरीत कॅप्टन नेमो हा पाणबुडीचा गूढ कप्तान मूळचा बुंदेलखंडाचा राजपुत्र डक्कर, टिपू सुलतानाचा पुतण्या आणि १८५७ च्या उठावाचा प्राण असल्याचे उघड होते. इंग्रजी सत्तेविषयीचा त्याचा द्वेष व्हर्न यांनी लपवलेला नाही. लंडनमध्ये छापलेल्या एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी अनुवादात मात्र हा भाग बदलण्यात आला आणि महत्त्वाकांक्षी राजेरजवाड्यांनी भारतीय जनतेला चिथावले, असा मूळ फ्रेंचमध्ये नसलेला मजकूर घालण्यात आला. हा अनुवाद शतकाहून अधिक काळ पुन्हा पुन्हा छापला गेला. आपल्याकडे बहुतेकांनी व्हर्न वाचला तो इंग्रजीतून किंवा इंग्रजीवरून झालेल्या रूपांतरांतून, म्हणजे एका भारतीय नायकाची कैफियत भारतीय वाचकापर्यंत बदलून पोहोचण्याची पुरेपूर व्यवस्था झाली होती. याचा मला आजही राग येतो.

बदल कधीच करू नयेत, असे मी म्हणत नाही. विज्ञानकथालेखक आर्थर सी. क्लार्क यांनी आपल्या १९५३ च्या 'चाइल्डहुड्स एन्ड' या कादंबरीचे पहिले प्रकरण १९९० मध्ये नव्याने लिहिले, कारण दरम्यान माणूस चंद्रावर जाऊन आला होता आणि जुनी सुरुवात कालबाह्य झाली होती. तो लेखकाचा स्वतःचा निर्णय होता आणि नंतरच्या काही आवृत्त्यांत दोन्ही सुरुवाती छापलेल्या आहेत. जुन्या कादंबरीतली एखादी वंशवाचक शिवी किंवा स्त्रियांविषयीची हीन शेरेबाजी आज खरोखर बोचते. अशा ठिकाणी प्रस्तावना लिहावी, टीप द्यावी, पण शब्द जागेवर ठेवावा, कारण त्या काळातले मोठे लेखकही कुठे तोकडे पडले हे कळण्याचा हक्क वाचकाला आहे.

पुनर्मुद्रित प्रत घेताना मी स्वतः आधी मुद्रणविषयक माहितीचे पान पाहतो. मजकूर कोणत्या आवृत्तीवरून घेतला आहे, 'संक्षिप्त' किंवा 'संपादित' असा उल्लेख आहे का, आणि अनुवाद असेल तर अनुवादकाचे नाव व साल दिले आहे का, हे तिथे कळते. 'मिस्टीरियस आयलंड' घ्यायची असेल, तर सिडनी क्रॅव्हिट्झ किंवा जॉर्डन स्टम्प यांचा अनुवाद मागा. दोन्ही २००१ चे आहेत. स्वस्त आवृत्त्यांवर अनुवादकाचे नाव पुष्कळदा नसतेच, आणि अशा प्रतीत तो जुना, बदललेला मजकूर असण्याची शक्यता मोठी असते.