थर्मल स्कोपचं रेकॉर्डिंग धूसर येतंय? आधी हे बघ

अरे, स्कोपला, म्हणजे अंधारात उष्णतेवरून चित्र दाखवणाऱ्या त्या दुर्बिणीला, दोष देण्याआधी फोकस बघ. डोळ्याजवळची रिंग फक्त तुझ्या डोळ्यासाठी असते, ती कितीही फिरवलीस तरी रेकॉर्डिंगमध्ये काडीचा फरक पडत नाही, फोकस करायचा तो पुढच्या लेन्सने, आणि प्रत्येक अंतराला परत. दुसरं म्हणजे डिजिटल झूमचा मोह आवर. ६४० बाय ५१२ च्या सेन्सरवर ४ पट झूम केलास की हातात उरतात १६० बाय १२८ पिक्सेल, मग ते डुक्कर आहे की उशी तेच कळत नाही! मी पहिले कितीतरी व्हिडिओ असेच घालवले. मध्येच टिक आवाज होऊन चित्र क्षणभर गोठतं ना, ते कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सर स्वतःला परत जुळवून घेतो, त्याला ऑटोवर ठेवू नकोस, रेकॉर्ड दाबायच्या आधी हाताने करून घे. पाऊस, दमट हवा असली की कॉन्ट्रास्ट पडतोच, तिथे इलाज नाही. नाइट व्हिजनला मात्र वेगळीच भानगड, समोरचं गवत आयआर टॉर्चने, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशाच्या टॉर्चने, पांढरंफट्ट होतं आणि मागचं सगळं काळं, तेव्हा पॉवर कमी कर किंवा जरा उंचावर बस. आणि ट्रायपॉड घेच बाबा, हातात धरून नाही जमत.