संशोधन : धुणे, सुधारणे, शोधणे

प्रश्न असा आहे : एका महाविद्यालयाच्या परिषदेत तंत्रज्ञान, व्यवसाय, शिक्षण आणि संगीत या विषयांवर वाचलेले निबंध एकत्र छापायचे आहेत. मराठी मुखपृष्ठावर ‘विद्वत्तापूर्ण संशोधन’ असे शब्द घालावेत, असे ठरत आले होते. त्यावर एका हिंदीभाषक प्राध्यापकांनी हरकत घेतली की ‘संशोधन’ म्हणजे दुरुस्ती, म्हणून ‘शोध’ किंवा ‘अनुसंधान’ म्हणावे. यांतले बरोबर काय, आणि ‘संशोधन’ हा शब्द या चारही विषयांना चालेल का, हे प्रश्न विचारणाऱ्या बाईंना जाणून घ्यायचे आहे.

हरकत हिंदीपुरती अगदी रास्त आहे. आपण जिला घटनादुरुस्ती म्हणतो, तिला हिंदीत ‘संविधान संशोधन’ म्हणतात. बंगालीतही ‘संशोधन’ म्हणजे चूक सुधारणे, आणि आपल्या संशोधनाला तिथे ‘गवेषणा’ असा शब्द आहे (हा मूळचा गाई हुडकण्याचा शब्द, हरवलेल्या गाईमागे रानोमाळ हिंडणे हे पुष्कळ प्रबंधांचे यथार्थ वर्णन होईल). मात्र गुजरातीत ‘संशोधन’ आणि कन्नडात ‘संशोधने’ हे शब्द मराठीच्याच अर्थाने रूढ आहेत, तेव्हा मराठीने एकटीनेच काही आडवाट धरली आहे असे नाही. शिवाय दुरुस्तीसाठी मराठीजवळ वेगळे शब्द पक्के झालेले आहेत : घटनेची ‘दुरुस्ती’, कायद्याचा ‘सुधारणा अधिनियम’ आणि पुस्तकाची ‘सुधारित आवृत्ती’. ‘संशोधित आवृत्ती’ असे अलीकडे कुठे कुठे छापलेले दिसते, ते हिंदीवरून आलेले आहे आणि मराठी वाचकाला विनाकारण चकवणारे आहे.

तरीही दोन भाषांत एकाच शब्दाचे असे दोन अर्थ का झाले, हे पाहण्यासारखे आहे. मुळात ‘शुध्’ हा धातू शुद्ध होण्याचा. त्याच्या प्रयोजक रूपावरून शोधन, म्हणजे शुद्ध करणे. आयुर्वेदात शरीरातले दोष बाहेर काढून टाकणाऱ्या उपचारांना ‘संशोधन’ आणि ते जागच्या जागी शांत करणाऱ्यांना ‘संशमन’ म्हणतात. रसशास्त्रात पारा आणि गंधक औषधात घालण्यापूर्वी त्यांचे शोधन करावे लागते. निर्णयसागर छापखान्याच्या संस्कृत ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर पंडिताच्या नावापुढे ‘संशोधितम्’ असे येते, तेव्हा त्या पंडिताने पाठ तपासून शुद्ध केला, एवढेच सांगायचे असते. हा जुना अर्थ मराठीतूनही पुरता गेलेला नाही, कारण छपाईच्या चुका काढणाऱ्याला आपण अजून ‘मुद्रितशोधक’च म्हणतो. स्वच्छ करण्यापासून हुडकण्यापर्यंतचे अंतर फारसे नाही. तांदूळ निवडणाऱ्या माणसाचे हात तांदूळ साफ करीत असतात आणि डोळे खडे शोधीत असतात. ‘विचारें मना तूंचि शोधोनि पाहें’ असे रामदास सतराव्या शतकात म्हणतात, तिथे ‘शोधणे’ हे चौकशी करण्याच्या, आत धुंडाळण्याच्या अर्थाने आले आहे, धुण्याच्या नाही.

हे दोन्ही अर्थ एका कामात एकत्र आलेले पाहायचे असतील, तर पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराकडे पाहावे. ही संस्था १९१७ साली स्थापन झाली, आणि महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्याचे तिचे काम १९६६ मध्ये पुरे झाले. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते पाहिली गेली. वि. सी. सुकथनकरांनी आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी निरनिराळ्या लिपींतल्या पोथ्या ताडून प्रक्षिप्त, म्हणजे मागाहून घुसडलेले, श्लोक बाजूला काढले आणि पाठ निश्चित केला. हे पाठाचे शोधन होते, आणि ते करता करता ग्रंथाच्या परंपरेविषयी जे नवे कळत गेले, ते आजच्या अर्थाने संशोधन होते. त्याआधीच, १९१० साली, वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी पुण्यातच भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले, तेव्हा आजचा अर्थ त्या काळापासून संस्थांच्या पाट्यांवर आहे.

आता ‘शोध’. तो ‘संशोधन’चा आखूड पर्याय नव्हे. शोध घेतला जातो, लागतो किंवा लावला जातो. संशोधन केले जाते, आणि ते वर्षानुवर्षे करूनही शोध लागेलच असे नाही. पोलीस फरारी आरोपीचा शोध घेतात, संशोधन करीत नाहीत. अमेरिकेचा शोध लागतो आणि वाफेच्या इंजिनाचाही शोधच लागतो. आधीपासून असलेले सापडणे आणि नसलेले घडवणे यांत मराठी फरक करीत नाही, ही तिची उणीव मान्य करायला हवी. हिंदीत त्यासाठी ‘खोज’ आणि ‘आविष्कार’ असे दोन शब्द आहेत, पण दुसरा आपल्याला घेता येत नाही, कारण मराठीत ‘आविष्कार’ म्हणजे प्रकट होणे, व्यक्त होणे. रागाचा आविष्कार गायक करतो, म्हणून तो त्या रागाचा जनक ठरत नाही. मुंबईत जन्मलेल्या शंकर आबाजी भिसे यांना, ज्यांनी छपाईच्या अक्षरांचे खिळे पाडण्याचे नवे यंत्र तयार केले, आपण ‘संशोधक’ म्हणतो तेही याच अडचणीमुळे. ‘शोधनिबंध’ आणि ‘शोधप्रबंध’ हे शब्द मात्र मराठीत रुळले आहेत आणि ते वापरायला काहीच हरकत नाही.

‘अनुसंधान’ हा हिंदीत सरकारी संस्थांच्या नावांतला भारदस्त शब्द आहे. मराठीत त्याला वेगळाच गंध आहे : नामाचे अनुसंधान, हरीचे अनुसंधान, मनाची तार सुटू न देणे. भाभा परमाणु अनुसंधान केंद्राला आपण भाभा अणुसंशोधन केंद्र म्हणतो, ते उगीच नाही.

चारही विषयांना ‘संशोधन’ चालेल का, अशी शंका प्रश्नात आहे. शिक्षणात तर ‘कृतिसंशोधन’ हा शब्द बी. एड.च्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या तोंडी असतो. व्यवसायाच्या क्षेत्रात ‘संशोधन व विकास’ रूढ आहे. बाजारातली पाहणी असेल तर तिला पाहणीच म्हणावे. शंका येते ती संगीताविषयी, कारण तिथे साधना आणि संशोधन यांची गल्लत होते. संगीतशास्त्रकार वि. ना. भातखंड्यांनी काय केले ते आठवावे. वकिली करणाऱ्या या माणसाने देशभर हिंडून ग्रंथ पाहिले, निरनिराळ्या घराण्यांच्या गायकांकडून चिजा मिळवून त्यांची स्वरलिपी केली, जुने ग्रंथ आणि चालू गाणे यांतला विसंवाद उघड मांडला, रागांची दहा थाटांत वर्गवारी केली आणि हे सारे विवेचन मराठीत, गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपाने, ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’च्या चार भागांत लिहिले. थाटांबद्दल मतभेद आजही आहेत. पण गोळा करणे, ताडून पाहणे, निवडणे आणि मांडणे या क्रमाला दुसरे नाव मला सुचत नाही.

राहिला ‘विद्वत्तापूर्ण’. तो गाळावा. संशोधनात अभ्यास गृहीतच असतो, आणि विद्वत्तेचे प्रशस्तिपत्र इतरांनी द्यायचे असते, स्वतःच्या मुखपृष्ठावर छापायचे नसते. ‘व्यवसाय’ हा शब्द डॉक्टर-वकिलांच्या पेशालाही लागू पडतो, म्हणून निबंध व्यापार आणि व्यवस्थापन यांविषयी असतील तर ‘उद्योग-व्यापार’ अधिक स्पष्ट होईल. मी शीर्षक असे करीन : ‘तंत्रज्ञान, उद्योग-व्यापार, शिक्षण आणि संगीत : संशोधनपर निबंध’. हिंदी मुखपृष्ठ वेगळे निघणार असेल, तर त्यावर ‘शोध’ खुशाल घालावा. तिथे प्राध्यापकांचेच म्हणणे बरोबर आहे.