वाचकांचे प्रश्न : सेलमधला गेम की किकस्टार्टर?

प्रश्न : स्टीम या संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानातल्या उन्हाळी सेलमध्ये गेम घ्यावेत, की किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर अजून तयार व्हायच्या नव्या गेमला पैसे द्यावेत?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : सेलमधला गेम बहुधा तयार असतो, खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असल्यास स्टीम पैसे परत करते, म्हणून घेतल्या दिवशीच तो आपल्या संगणकावर नीट चालतो का ते पाहावे. मात्र स्टीमवर मिळतो तो वापराचा परवाना, मालकी नव्हे. जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानातून इन्स्टॉलर, म्हणजे गेम संगणकावर बसवण्याची फाइल, उतरवून स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवता येतो, आणि मला तोच व्यवहार अधिक सचोटीचा वाटतो. किकस्टार्टरवर ठरलेली रक्कम जमली नाही, तर पैसे कापलेच जात नाहीत. जमल्यावर गेम रखडला, तर मात्र ते परत मिळतीलच याची हमी नसते. निर्मात्यांचे आधीचे काम खेळून आवडले असेल तरच, आणि बुडाले तरी चालतील एवढेच पैसे तिथे द्यावेत.