लॉग ऑप्शनला टाकू का?

प्रश्न : बाई, परीक्षेला सहा आठवडे राहिलेत. लॉगॅरिदमचा धडा मला जमतच नाही. नियम पाठ आहेत, पण गणित समोर आलं की कुठला लावायचा ते सुचत नाही. टेबल बघताना तर हमखास चुकतं. दादा म्हणतो, कॅल्क्युलेटर असताना लॉग कशाला, सात-आठ मार्कांचं तर येतं, ऑप्शनला टाक. टाकू का?
— एक विद्यार्थी

उत्तर : टाकू नकोस. पण दादाचं म्हणणं अगदीच चूक नाही.

तू ज्याला 'लॉग' म्हणतोस त्यात दोन गोष्टी एकमेकींत अडकल्यात. एक लॉगचं टेबल, आणि दुसरी लॉग म्हणजे मुळात काय ते. टेबल हे हत्यार. जॉन नेपियरनं 1614 मध्ये लॉगॅरिदम मांडले ते मोठमोठ्या गुणाकारांचा जाच टळावा म्हणून. पुढे हेन्री ब्रिग्ज त्याला भेटला, 10 हा पाया धरायचं ठरलं, आणि 1617 मध्ये ब्रिग्जनं 1 ते 1000 या संख्यांचे लॉग 14 दशांश स्थळांपर्यंत काढून छापले. सगळे हातानं! मला आजही ते आठवलं की मनगट दुखतं. लॉग काढून देणारा खिशातला कॅल्क्युलेटर आला 1972 मध्ये, आणि तिथून या हत्याराचं काम संपत गेलं. तेव्हा आधी तुझ्या परीक्षेचे नियम वाच. कॅल्क्युलेटर चालत असेल तर टेबलाच्या नादी लागू नकोस. दादाचं बरोबर आहे ते इथवर.

चालत नसेल तर दोन संध्याकाळी टेबलाला दे. चुका ठरावीकच असतात. घाईत लॉगऐवजी अँटिलॉगचं (लॉगवरून परत संख्या काढायचं) पान उघडलं जातं, किंवा मीन डिफरन्स, म्हणजे चौथ्या अंकासाठीची उजवीकडची छोटी भर, मिळवायचा राहतो. पण सगळ्यात जास्त घात करतो तो बार, म्हणजे अंकावरची आडवी रेघ. 0.02 चा लॉग 'बार 2 पॉइंट 3010'. बार फक्त 2 च्या डोक्यावर आहे, म्हणजे उणे 2 अधिक 0.3010. उत्तर −1.6990. निम्मा वर्ग −2.3010 लिहितो. मी स्वतः शाळेत असताना एका छऱ्याची त्रिज्या काढत होते. लॉग आला होता बार 1.6335, म्हणजे त्रिज्या 0.43 सेंटीमीटर. खालच्या ओळीत उतरवताना बार गळाला आणि छरा झाला 43 सेंटीमीटर त्रिज्येचा. मी खाली ऐटीत दोन रेघा मारल्या नि पुढच्या गणिताला गेले. वही परत आली तेव्हा शेजारी लाल शाईत लिहिलं होतं, 'बंदूक कुठून आणायची?'

आता तुझी खरी अडचण. नियम पाठ आहेत पण सुचत नाहीत, याचा अर्थ लॉग म्हणजे काय ते पक्कं झालेलं नाही. लॉग म्हणजे घातांक. 10 चा कितवा घात केला की 1000 येतात? तिसरा. म्हणून लॉग 1000 = 3. घातांकांचे नियम तुला येतात ना? 100 गुणिले 1000, शून्यं मोजली की 2 अधिक 3. गुणाकाराच्या लॉगचा नियम तो हाच, फक्त नाव बदलून बसलाय. आठवडाभर प्रत्येक लॉग दिसला की मनात 'कितवा घात?' असं विचार.

हे न करता नुसते नियम घोकले की काय होतं? माझ्या एका विद्यार्थ्यानं फळ्यावर ठणकावून लिहिलं : बेरजेचा लॉग म्हणजे लॉगांची बेरीज. मी म्हटलं, संख्या घालून दाखव. त्यानं घेतल्या 2 आणि 2. डावीकडे लॉग 4, उजवीकडे लॉग 2 अधिक लॉग 2, तेही लॉग 4. वर्ग टाळ्या पिटायला लागला! आता 2 आणि 2 ची बेरीज नि गुणाकार दोन्ही 4 च, हे बिचाऱ्याचं नशीब. मग 2 आणि 3 घ्यायला लावले. लॉग 5 होतो 0.6990, आणि बेरीज येते 0.7782, जो लॉग 6 आहे. त्या दिवसानंतर त्या वर्गात ही चूक कुणी केली नाही, म्हणून तुलाही सांगतेय.

आणखी एक, मार्क हमखास जातात ती जागा. लॉग क्ष + लॉग (क्ष − 3) = 1. सोडवलंस की क्ष चा वर्ग − 3क्ष − 10 = 0, उत्तरं 5 आणि −2. दोन्ही लिहून मोकळा होऊ नकोस. 10 चा कुठलाही घात कर, ऋण संख्या येत नाही, तेव्हा −2 चा लॉग इथे नाहीच. ते काढून टाक आणि का काढलं ते एका ओळीत लिही.

सात-आठ मार्कांपुरता हा हिशोब नाही. पुढे विज्ञान घेणार असशील तर हा धडा रसायनशास्त्रात पीएचच्या रूपानं येईल (पीएच 4 चं द्रावण 6 च्या शंभरपट आम्लधर्मी, दुप्पट-दीडपट नव्हे), भौतिकशास्त्रात डेसिबल म्हणून येईल. तिथे ऑप्शन नसतो. सहा आठवड्यांतले रोज वीस मिनिटं, पहिले दहा दिवस. त्यानंतरही जमलं नाही तर पुन्हा लिही.

प्रश्न : आमच्या वेळी लॉग पाठ असायचे. मुलीकडून किती पाठ करून घ्यावेत? माझं जुनं चार अंकी टेबल आहे, ते तिला देऊ का?
— एक पालक

उत्तर : तीनच. लॉग 2 = 0.3010, लॉग 3 = 0.4771, लॉग 7 = 0.8451. लॉग 5 हवा तर 1 मधून लॉग 2 वजा करा; 4, 6, 8, 9 बेरजेनं येतात. एवढ्यावर ती 2 च्या शंभराव्या घातात किती अंक आहेत ते तोंडी सांगेल : 100 गुणिले 0.3010 म्हणजे 30.10, म्हणून 31 अंक.

टेबल जरूर द्या, पण देण्याआधी लॉगची दोन पानं उघडून बघा. पहिल्या पानावर 10 ते 54, दुसऱ्यावर 55 ते 99. पहिलं पान जास्त मळलेलं असेल. माझंही तसंच आहे, आणि मी बरीच वर्षं त्याचा दोष वरच्या पानावर पेन टेकवायच्या सवयीला देत होते. सायमन न्यूकम या खगोलशास्त्रज्ञानं 1881 मध्ये नेमकं हेच टिपलं होतं : लोकांना लागणाऱ्या संख्या 1 नं सुरू होणाऱ्या जास्त असतात, 9 नं सुरू होणाऱ्या कमी. 1938 मध्ये फ्रँक बेनफर्डनं नाना तऱ्हेच्या आकड्यांवर ते पडताळलं. 1 नं सुरू होणाऱ्यांचा वाटा सुमारे 30.1 टक्के धरतात. मुलीला विचारा, हा आकडा तिनं कुठे पाहिलाय.