दोन खोल्यांतली शाळा आणि घरभर कागद

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

मुलांची शाळा आणि घरचे कागद नीट लावायला आधी कुठले डबे घेऊ, असं तू विचारलंस. सध्या एकही घेऊ नकोस. चारशे फुटांचं घर, हॉलमध्ये एकच जेवणाचं टेबल आणि घरीच शिकणारी दोन मुलं. अशा घरात अडगळ होते ती रोजच्या वस्तू वर्षाकाठी लागणाऱ्या वस्तूंमागे जाऊन बसतात म्हणून. त्या आधी वेगळ्या काढ. रोजचं मुलांच्या हाताला येईल असं, आठवड्याचं तुझ्या खांद्यापर्यंतच्या उंचीवर, वर्षाकाठचं दिवाणात. माळ्यावर मात्र कागद नकोत. वर स्लॅब तापतो, पावसाळ्यात झिरपतो, आणि एकदा वर गेलेलं सहसा कोणी खाली काढत नाही.

टेबलावर शाळा भरते आणि दुपारी तिथेच ताटं मांडायची असतात, म्हणून आवराआवर पाच मिनिटांत व्हायला हवी. प्रत्येक मुलाला एक उथळ ट्रे दे, बिनझाकणाचा. झाकण असलं की त्यावर काहीतरी ठेवलं जातं आणि मग तो डबा उघडायचा कंटाळा येतो. ट्रेमध्ये फक्त उद्याच्या विषयांची पुस्तकं, वह्या आणि कंपास. रात्री झोपण्याआधी तो मुलांनीच भरायचा. धाकट्याला बैठं डेस्क आणि सतरंजी पुरते. तो उजव्या हाताने लिहीत असेल तर खिडकी डावीकडे येईल असा बसव, म्हणजे हाताची सावली वहीवर पडत नाही.

पुस्तकांची फळी सुताराकडून करून घेणार असशील तर वजनाचा हिशेब आधी कर. ए-फोर कागदाचं ५०० पानांचं रीम अडीच किलोचं आणि साधारण पाच सेंटिमीटर जाडीचं असतं. म्हणजे त्या आकाराची पुस्तकं फूटभर गच्च लावली तर १५ किलोच्या आसपास वजन झालं, तीन फुटी फळीवर ४५. अठरा एमएमचं प्लायवुड घेतलंस तरी अडीच फुटांहून लांब फळीला मधे आधार लागतोच, नाहीतर वर्षा-दोन वर्षांत पोट सुटतं. पार्टिकल बोर्ड त्याआधीच बसतो आणि पावसाळ्यात कडा फुगतात. नव्या इमारतींत आतल्या भिंती बऱ्याचदा हलक्या ब्लॉकच्या असतात. त्यांत साधे प्लग धरत नाहीत. त्या भिंतींसाठीचे वेगळे प्लग मिळतात, ते माग, किंवा फळी जमिनीवर उभ्या पायांवर घे. दोन फळ्यांमध्ये साडेतेरा इंच मोकळी उंची आणि बारा इंच खोली ठेव, म्हणजे ए-फोर आकाराची बॉक्स फाइलही उभी बसते. बाथरूमच्या आणि बाहेरच्या भिंतीपासून दोन इंच सोड.

पाठ्यपुस्तकं पातळ पुठ्ठ्याची असल्याने उभी राहत नाहीत, घसरतात. विषयवार उभे खोके कर. पुठ्ठ्याचा खोका तिरका कापलास की झालं. बालभारती, एनसीईआरटी आणि एनआयओएस (घरी शिकून दहावी-बारावी देता येतं ते राष्ट्रीय मुक्त विद्यालय) तिघांचीही पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, तेव्हा मागच्या इयत्तांची पुस्तकं 'पुढे लागतील' म्हणून सांभाळू नकोस. कोणाला तरी दे. कसरीसाठी कडुलिंबाचा पाला ठेवायचा तर सावलीत कडकडीत वाळवून. ओलसर पाला ठेवला की बुरशी धरते.

थोरलीला एनआयओएसमधून दहावीला बसवणार आहेस ना? तिची एक फाइल वेगळी ठेव. प्रवेशाचा पुरावा, ओळखपत्र, हॉल तिकिटं, गुणपत्रिका आणि प्रत्येक टीएमएची, म्हणजे घरी लिहून द्यायच्या स्वाध्यायाची प्रत. टीएमएला २० टक्के गुण असतात, त्यामुळे दिल्याची पोच नसली तर भांडायला हातात काही राहत नाही. नोंदणी पाच वर्षं चालते, तोवर या फाइलमधलं काहीही टाकायचं नाही. बाकी वह्यांतली महिन्याला चार-पाच पानं तारीख घालून ठेव. थर्माकोलचे प्रकल्प आणि तक्ते यांचा फोटो काढ आणि मोडीत घाल. मुलं दोन दिवस कुरकुरतील, चालायचंच.

आता घरचे कागद. इथे बहुतेक जण वीस फाइली करतात आणि शेवटी सगळं 'इतर' नावाच्या एकविसाव्या फाइलमध्ये जातं. तुला तीन जागा पुरतील.

पहिली, अस्सल कागदांची: घराचा नोंदणीकृत करार, इंडेक्स टू (त्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, जन्मदाखले, लग्नाचा दाखला, पासपोर्ट, पॉलिसी. पारदर्शक कप्प्यांची फाइल, वरच यादी, लोखंडी कपाटात. भोकं पाडू नकोस आणि लॅमिनेशन तर अजिबात नको. शेअर सर्टिफिकेटच्या मागे हस्तांतराच्या नोंदी करतात. प्लॅस्टिक चढलं की त्यावर लिहिता येत नाही, आणि चिकटलेलं काढायला गेलं तर कागदच फाटतो. गावच्या जमिनीचा सातबारा मात्र इथे कशाला? डिजिटल सहीचा उतारा हवा तेव्हा ऑनलाइन निघतो.

दुसरी, चालू वर्षाची बॉक्स फाइल, एप्रिल ते मार्च: बँक, कर, विमा, सोसायटी. वर्ष संपलं की पाठीवर साल लिहून दिवाणात. आयकराचे कागद सात-आठ वर्षं ठेवावेत असं माझं मत. घरात केलेल्या मोठ्या कामाची बिलं घर विकेपर्यंत ठेव, कारण विक्रीच्या वेळी नफ्याचा हिशेब करताना तो खर्च धरता येतो. फ्रिज, मिक्सरची थर्मल कागदावरची बिलं वर्षभरात पुसट होतात. आणल्या दिवशीच झेरॉक्स काढून वॉरंटी कार्डाला टाच. लाईट बिलं बाराच ठेव. दवाखान्याचे कागद या फाइलमध्ये घालू नकोस. ते वर्षवार लावले तर डॉक्टर जुना रिपोर्ट मागतात तेव्हा चार फाइली उपसाव्या लागतात. माणशी एक पाकीट कर, लसीकरणाचं कार्डही त्यातच.

तिसरी जागा म्हणजे कपाटाच्या दाराला आतून एक मोठी क्लिप. ज्यावर काही करायचं राहिलंय तेवढेच कागद तिथे. रविवारी अर्धा तास बसून ती रिकामी करायची. क्लिप मिटेनाशी झाली तर दुसरी घेऊ नकोस, रविवार चुकलाय. रद्दीत टाकताना आधार, पॅन आणि बँकेचे कागद फाडून, तुकडे दोन वेगळ्या पिशव्यांत.

सुरुवात अस्सल कागदांपासून कर. एका दुपारचं काम आहे आणि कपाटाचा एक अख्खा कप्पा मोकळा होईल. फळीचं माप घेशील तेव्हा दिवाणाचं झाकण पूर्ण उघडतं का, तेही बघ. फळी त्याच्या आड आली तर सगळंच परत हलवावं लागेल.

तुझी,
मावशी