झेडएफएसवर चालणारा नॅस (नेटवर्कवरून फाइली देणारा स्टोरेजचा डबा) वर्षभरात मंदावला, रीस्टार्ट करूनही फरक नाही. कुठून तपासू?

झेडएफएस, म्हणजे डिस्कांवर फाइली कशा ठेवायच्या ते सांभाळणारी फाइल सिस्टिम, वापरताय असं लिहिलंय, म्हणून रॅम वाढवायच्या आधी पूल, म्हणजे सगळ्या डिस्कांची मिळून झालेली एकत्र जागा, किती भरलाय ते बघा. 'झेडपूल लिस्ट' (zpool list) ही कमांड चालवली की भरलेली टक्केवारी आणि फ्रॅगमेंटेशन, म्हणजे मोकळी जागा किती तुकड्यांत विखुरलीय ते, दोन्ही दिसतात. झेडएफएस जुन्या जागेवर लिहीतच नाही, प्रत्येक बदल नव्या मोकळ्या जागी जातो. त्यामुळे पूल ८० टक्क्यांच्या पुढे गेला की सलग जागा शोधण्यातच त्याचा वेळ जायला लागतो. फाइली उडवूनही जागा सुटत नसेल तर जुने स्नॅपशॉट (त्या-त्या वेळी जपून ठेवलेल्या फाइलींच्या स्थिती) काढून टाका, डेटा त्यांनीच धरून ठेवलेला असतो.

पूल निम्मा रिकामा असेल तर मात्र एखादी डिस्क आजारी आहे का बघा. आमच्या ऑफिसात सहा डिस्कांपैकी पाच १० मिलिसेकंदांच्या आत उत्तर देत होत्या, सहावी ४०० घेत होती. पूल मात्र 'ऑनलाइन'च दाखवत होता! अख्खा पूल त्या एका डिस्कच्या चालीने चालतो. 'झेडपूल आयोस्टॅट' (zpool iostat -vl) चालवून प्रत्येक डिस्कचा वेळ वेगळा पाहा. स्मार्ट रिपोर्टमधली (डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते त्यातली) १९७ नंबरची ओळ, म्हणजे पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे डिस्कचे तुकडे), यातला आकडा वाढत असेल तर आजच बॅकअप घ्या आणि मगच डिस्क बदला.